बाळंतिणीचे लाडू विमानात

माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण दिल्लीला होणार असं ठरलं, तेव्हा कळंबातल्या बायकांनी मला आडून आडून विचारायला सुरुवात केली. लेक माहेरी का येत नाही, काही बिनसलं का, जावयाचं कसं आहे. तिला जास्त सुट्टी नाही, दवाखाना तिथलाच धरलाय, हे सांगून सांगून मी थकले. शेवटी माझ्या नवऱ्याने एकीला ओट्यावरूनच उत्तर दिलं, "ती येत न्हाई म्हणून हीच चाललीय तिकडं माहेर घेऊन."

ते खरंच होतं. मी माहेर पिशव्यांत भरत होते. घरात आठवडाभर डिंक तळला जात होता. खारीक कुटली, गोडंबी आणली, मेथी तुपात भिजत घातली, गूळ ओळखीच्या गुऱ्हाळावरून आणवला. माझी सगळी नोकरी घोडेगावला पंचायत समितीत गेली. तिथे साहेब बदलत राहिले, पण मी रजेवरून येताना डिंकाचे लाडू आणायचे हे काही बदललं नाही. लाडवांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. हा गर्व आहे, हे मला माहीत आहे, आणि तो मी सोडणार नाही.

"बाळातपणाला चाललीस का तिकडं दुकान टाकायला?" डबे बघून नवरा म्हणाला.

लेक फोनवर रोज सांगायची, "आई, इथे सगळं मिळतं." मुली हे नेहमी सांगतात. मिळतं म्हणजे दुकानात मिळतं. त्यात आईने काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

मी एकटीच जाणार होते. मग एके दिवशी जुन्नरहून विहीणबाईंचा फोन आला, की त्याही येणार. "तुम्ही पहिल्यांदाच विमानात बसताय," त्या म्हणाल्या, "कुणीतरी माहीतगार सोबत पाहिजे."

विहीणबाई म्हणजे माझ्या जावयाची आई. राहणं जुन्नर शहरात, यजमान सरकारी कचेरीतून मोठ्या हुद्द्यावर रिटायर झालेले, त्यामुळे बोलणं एकदम शुद्ध. आमच्या घरात कुणी 'व्हतं' म्हणालं की त्या क्षणभर डोळे मिटून घेतात, जसं काही डोळ्यात कुसळ गेलंय. दोन वर्षांपूर्वी त्या ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीबरोबर अंदमानला जाऊन आल्या. जायला विमान, यायला विमान. तेव्हापासून विमानखात्याचा कारभार त्यांच्याकडेच होता.

निघायच्या आधी त्यांनी मला फोनवर नियम सांगितले. कुंकू लहान लावा. बांगड्या कमी घाला, यंत्रातून जाताना वाजतात. हवाईसुंदरीला 'अगं बाई' म्हणू नका. आणि मुख्य म्हणजे विमानात डबा उघडायचा नाही.

"का बरं?" मी विचारलं.

"बरं दिसत नाही. वास सुटतो. तिथे सगळे चांगल्या घरचे लोक असतात. अंदमानला जाताना आमच्यातल्या एकीनं मेथीचे ठेपले काढले, तर मला मान वर करता येईना. तिथे नाश्ता विकत मिळतो, तो घ्यायचा."

नियम म्हटला की मला तो कुठल्या कागदावर आहे हे विचारायची सवय आहे. नोकरीतच लागली. मी विचारलं, "हे कुठं लिहिलंय?"

"काही गोष्टी लिहिलेल्या नसतात, विहीणबाई," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शेजारी बसून नवरा ऐकत होता. "इमानात भाकरी खाल्ली तर इमान खाली येतं का?" त्याने विचारलं. मग तो स्वतःच गोठ्याकडे निघून गेला.

मी दशम्या केल्या. लसणाची चटणी घातलेला छोटा डबा, ताकाची बाटली आणि नवऱ्याच्या हट्टाने थोडा ठेचा, असं सगळं हातातल्या पिशवीत घेतलं. लाडवांचा मोठा डबाही त्याच पिशवीत. सामानात टाकला तर आपटून भुगा होईल, अशी मला भीती होती. विहीणबाईंनीही लाडू केले होते. त्यांनी ते सुटकेसमध्ये साड्यांच्या मध्ये ठेवले. "अंदमानला जाताना आम्ही असंच केलं होतं," त्या म्हणाल्या.

पहाटे त्यांच्या भाच्याची गाडी मला घ्यायला कळंबला आली. मी बसले तेव्हा विहीणबाईंनी पर्समधून शुगरची गोळी काढून पाण्याबरोबर घेतली.

"काही खाल्लंत का?" मी विचारलं.

"विमानात नाश्ता करणार आहे," त्या म्हणाल्या. मी दशमी पुढे केली, तर त्यांनी पिशवीकडे असं पाहिलं, की मीच ती परत गुंडाळून ठेवली.

लोहगावला विमानतळावर पोचलो. सामान द्यायच्या काउंटरवर विहीणबाई पुढे झाल्या आणि मला म्हणाल्या, "मी करते तसं करा." सुटकेस पट्ट्यावरून आत गेली. आम्ही चार पावलं चाललो असू, तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीने हाक मारली. सुटकेस परत आली होती. यंत्रात तिला काहीतरी संशयास्पद दिसलं होतं.

"मॅडम, बॅग में नारियल है?"

नारळ नव्हता, खोबऱ्याच्या वाट्या होत्या. सुनेची ओटी भरायला आणि खिरापतीला म्हणून विहीणबाईंनी चांगल्या मोठ्या वाट्या घेतल्या होत्या, लेण्याद्रीच्या गणपतीपुढे ठेवून आणल्या होत्या. मुलीने सांगितलं, सुकं खोबरं सामानात चालत नाही, तेलकट असतं, पेट घेतं. बॅग उघडून काढून द्या.

विहीणबाईंनी तिला समजावायचा प्रयत्न केला. "यह प्रसाद है. लेण्याद्री का."

"जी मॅडम. निकालना पडेगा."

मग रांगेसमोर, लोकांच्या पायाशी, चांगल्या घरच्या लोकांच्या देखत, विहीणबाईंना सुटकेस उघडावी लागली. साड्या निघाल्या, परकर निघाले, गुडघ्याला लावायचा पट्टा निघाला, आणि वाट्या होत्या अगदी तळाशी. मी मदत केली. पण मला आनंद झाला नाही असं म्हणता येणार नाही. प्रसाद कचऱ्यात टाकवेना म्हणून त्यांनी तिथे झाडणाऱ्या एका बाईच्या हातात वाट्या दिल्या. तिने त्या कपाळाला लावल्या आणि म्हणाली, "इथं रोजच कुणाचं ना कुणाचं निघतं, मावशी."

"अंदमानला चाललं होतं," विहीणबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

माझी पाळी तपासणीच्या रांगेत आली. खाकी कपड्यातल्या बाईने पिशवी बाजूला घेतली आणि एकेक डबा उघडायला लावला. लाडवांचा डबा उघडल्यावर तिने वाकून वास घेतला आणि झाकण हळूच लावलं. मग ताकाची बाटली वर धरली.

"ये क्या है?"

"ताक. छाछ."

"पी के दिखाइए."

मी तिथेच उभ्याने दोन घोट प्यायले. हिंग-जिऱ्याचा वास सुटला. मागे वळून पाहिलं, तर विहीणबाई भिंतीवरची जाहिरात वाचत होत्या. ती परदेशी घड्याळाची जाहिरात होती आणि त्या ती अशी वाचत होत्या, की जणू माझी त्यांची ओळखच नव्हती. बाटली सुटली, चटणीही लसणाची म्हणून सुटली, पण ठेचा अडकला. मिरचीचं काही आत नेता येत नाही म्हणे. ती बाई म्हणाली, डोळ्यांत टाकलं तर काय करायचं. आमच्या ठेच्याचा असा उपयोग मला कधी सुचला नव्हता, पण तिचं अगदीच चूक होतं असंही नाही. ठेचा कचऱ्याच्या डब्यात गेला.

"मी सांगितलं नव्हतं का," विहीणबाई पुढे गेल्यावर म्हणाल्या. खोबऱ्याचं दुःख बरंच कमी झालेलं दिसत होतं.

विमानात खिडकीची जागा त्यांची, मधली माझी. कडेला कोट घातलेले एक दिल्लीचे गृहस्थ होते. विहीणबाईंनी माझ्यावरून वाकून त्यांना इंग्रजीत सांगितलं, "माय सन, दिल्ली. बिग पोस्ट." गृहस्थ "नाइस" म्हणाले आणि मोबाईलमध्ये परत गेले. मग विहीणबाईंनी समोरच्या खिशातला खाण्याचा कागद काढला आणि मला वाचून दाखवला. सँडविच, उपमा, कपातल्या शेवया. त्यांनी सँडविच ठरवलं.

दारं लागली. विमान थोडं मागे गेलं आणि थांबलं. थोड्या वेळाने विमान चालवणाऱ्या माणसाचा आवाज आला. दिल्लीला दाट धुकं आहे, निघायची परवानगी मिळत नाही, आपण इथेच थांबून वाट बघू, गैरसोयीबद्दल क्षमस्व. घोडेगावच्या स्टँडवर एसटी अशी थांबली तर निदान खाली उतरून चहा घेता येतो. इथे पट्टा बांधून बसायचं होतं.

ऊन वर आलं. माणसं आधी शांत होती, मग उठून उभी राहिली, मग फोनवर दिल्लीतल्या माणसांशी भांडायला लागली, जसं धुकं त्यांनीच सोडलं होतं. पुढच्या रांगेत एका बाईच्या मांडीवर लहान मुलगी होती, ती भुकेने रडायला लागली. विहीणबाईंनी हवाईसुंदरीला बोलावलं आणि सँडविच मागितलं. ती गोड हसून म्हणाली, विमान उडाल्यावरच विक्री सुरू होते. पाणी देऊ शकते. तिने कागदी कपात पाणी आणून दिलं.

"थोड्या वेळात उडेल," विहीणबाई म्हणाल्या.

डबा पायाशी होता. मला भूक लागली होती, पण त्यांनी एकदा सांगितलं होतं, तर आता त्यांनीच विचारल्याशिवाय उघडायचा नाही, असा माझ्याही मनात हट्ट बसला होता. दोन विहिणी, दोघी उपाशी, आणि मध्ये दशम्या. बाहेर विमानाचा पंख उन्हात चकचकत होता.

मग माझ्या लक्षात आलं, की त्या बराच वेळ बोललेल्या नाहीत. विहीणबाईंनी न बोलणं ही साधी गोष्ट नव्हती. मी वळून पाहिलं तर त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता, गार हवा सुरू असताना. हातातल्या कपातलं पाणी थरथरत होतं.

"विहीणबाई, काय व्हतंय?"

"काही नाही. ते... ते हे... सांगा त्यांना..." त्यांना शब्द सापडेना. माझ्या भावाला शुगर आहे. गोळी घेऊन उपाशी राहिलं की काय होतं, हे मी घरात पाहिलेलं आहे. मी पिशवी ओढली, लाडवांचा डबा उघडला आणि एक लाडू मोडून त्यांच्या तोंडात घातला. त्यांनी हाताने नको नको केलं. मी म्हटलं, "गप गिळा."

इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. त्यांनी गिळलं. दुसरा तुकडा दिला, मग तिसरा. ताक पाजलं. दिल्लीचे गृहस्थ मोबाईल खाली ठेवून बघत होते. त्यांनी विचारलं, "डॉक्टर बुलाऊँ?" मी त्यांना थांबा म्हटलं. दुसरा लाडू संपता संपता विहीणबाईंच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी पदराने ओठ पुसला, डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलल्या, ते असं: "गूळ चांगला आहे."

मला रडू येईल असं वाटलं होतं, ते तिथेच थांबलं.

मग मी दशमी आणि चटणी काढली. लसणाचा वास पुढे तीन रांगा आणि मागे तीन रांगा गेला असावा, कारण माणसं मान वळवून बघायला लागली. त्यांच्या तोंडावर तिरस्कार नव्हता. एसटीत कुणी डबा उघडला की शेजाऱ्याच्या तोंडावर जे असतं, तेच होतं. पुढची लहान मुलगी रडायची थांबून सीटच्या फटीतून माझ्या हाताकडे बघत होती. मी तिला अर्धा लाडू दिला. आणि इथून पुढे कारभार माझ्या हातातून गेला.

विहीणबाई आता पुरत्या सावरल्या होत्या. त्यांनी लाडवांचा डबा आपल्या मांडीवर घेतला. आधी कोटवाल्या गृहस्थांना लाडू दिला. त्यांनी खाल्ला आणि म्हणाले, "आंटी, ये तो कमाल है. आपने बनाया?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, "हमारे घर का है. जुन्नर का. बहू के लिए."

हमारे घर का. आता कुणी म्हणेल, दोन घरं एक झालीत, तर काय बिघडलं. माझ्या घरचा डिंक, माझ्या घरचं तूप, माझ्या नवऱ्याने कुटलेली खारीक, आणि विमानात ते जुन्नरचं झालं. मी बोलले असते तर काय बोलले असते? शेजारी परका माणूस बसलेला. आणि दहा मिनिटांपूर्वी बाई माझ्या खांद्यावर मान टाकून होत्या. मी दशमीचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

डबा पुढच्या रांगेत गेला. तिथून त्याच्या पुढे. मागून कुणीतरी विचारलं, "मौसीजी, इधर भी." विहीणबाई उभ्या राहून सांगत होत्या, "खाइए, खाइए, डिंक का है, कमर के लिए अच्छा." ज्यांच्या कंबरेला काही झालं नव्हतं अशी तरुण मुलंसुद्धा घेत होती. दशम्या गेल्या. चटणी गेली. ताक तेवढं कुणी मागितलं नाही.

हवाईसुंदरी लगबगीने आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, की मॅडम, बाहेरचं खाणं असं वाटता येत नाही, कुणाला त्रास झाला तर आमच्यावर येतं.

विहीणबाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कहाँ लिखा है?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. हसू लपवायला दुसरी जागा नव्हती. ती मुलगी बिचारी गोंधळली. कोटवाल्या गृहस्थांनी तिला सांगितलं, की तुम्ही काही देत नाही, आंटी देतायत, तर देऊ द्या. लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळीही वाजवली. विहीणबाईंनी ती स्वीकारली.

डबा फिरून परत आला तेव्हा त्यात तीन लाडू आणि एक चुरा होता. बाळंतिणीला महिनाभर पुरावेत म्हणून केलेले. मी डब्याचं झाकण लावलं आणि तो पायाशी ठेवला. त्यानंतर लगेचच विमान हललं, म्हणजे थोडी कळ काढली असती तर निम्मे तरी वाचले असते. वर गेल्यावर खाण्याची गाडी आली. कुणी काही घेतलं नाही. विहीणबाईंनी मात्र सँडविच घेतलं. ठरवलं होतं म्हणून. गार होतं. दोन घास खाऊन त्यांनी ते कागदात गुंडाळलं आणि म्हणाल्या, "अंदमानच्या विमानात चांगलं होतं."

दिल्लीला जावई घ्यायला आला होता. गाडीत बसल्यावर विहीणबाईंनी त्याला सगळी हकीकत सांगितली. लोक कसे उपाशी होते, लेकरं कशी रडत होती, आणि त्यांना कसं राहवलं नाही. "मी म्हटलं, विहीणबाई, उघडा डबा. माणुसकी आधी."

जावई कौतुकाने ऐकत होता. मग त्याने आरशातून मागे बघत विचारलं, "आई, तू गोळीनंतर वेळेवर खाल्लं होतंस ना? डॉक्टरांनी बजावलंय तुला."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या माझ्याकडे वरून बघत आल्या, त्या दिवशी पहिल्यांदा समोरून बघितलं. मला वाटलं, आता सांगून टाकावं. घामासकट, थरथरीसकट, 'गप गिळा'सकट. पण पुढे नवव्या महिन्यातली पोर घरी वाट बघत होती. गाडीत भांडण घेऊन तिच्या दारात जाणं मला बरं वाटेना.

"खाल्लं की," मी म्हटलं. "पोटभर."

विहीणबाईंनी खिडकीकडे तोंड केलं. आभार वगैरे मानायची त्यांची पद्धत नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र सकाळी गोळी घ्यायच्या आधी त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "आज खायला काय आहे?" मी काय असेल ते ताटलीत द्यायचे. त्या खायच्या, मग गोळी घ्यायच्या.

लेकीला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. माझे तीन लाडू आणि चुरा पहिल्या दोन दिवसांतच संपले. सुटकेसमधले विहीणबाईंचे लाडू साड्यांमध्ये एकही न फुटता आले होते, तेच लेक खात राहिली. मीही एक खाऊन पाहिला. वाईट नव्हते. सुंठ जरा जास्त होती. लेक म्हणाली, "चांगले झालेत, आई," आणि मी म्हटलं, "हो, चांगलेच झालेत." बाळंतिणीजवळ खोटं बोलायला हरकत नसते.

ते संपल्यावर मी पुन्हा करायला घेतले. जावयाने दिल्लीच्या बाजारातून डिंक आणला. तो तुपात टाकला तर फुलेचना, नुसता खडा व्हायचा. गूळही तिकडचा, पाक धरेना, आणि धरला तो असा धरला, की सोडेना. लाडू वळले गेले, पण दाताखाली कडकड वाजायचे. मी ते मागे ठेवून द्यायच्या विचारात होते. पण बाळ बघायला शेजारपाजारच्या बायका यायला लागल्या, आणि विहीणबाईंनी तो डबा बाहेर काढला. प्रत्येकीला लाडू देताना त्या मोठ्या मनाने सांगायच्या, "ये हमारे समधनजी ने बनाए हैं."

एकजण दातात अडकलेला डिंक जिभेने काढत मला म्हणाली, "बहुत मेहनत की है आपने." मी हसून मान हलवली. विहीणबाई शेजारी बसून नातीच्या टाळूला तेल लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण त्या ऐकत होत्या.